न फेकलेली किल्ली

हे आजवर कोणाच्याही कानावर घातलेलं नाही. बायकोला सांगितलं नाही, आईला तर नाहीच. वर्षातून एकदा आम्ही जुने मित्र शिरगावच्या किनाऱ्यावर बसतो, तेव्हा दोन ग्लास पोटात गेले की मी नको नको ते बोलतो — पण हे नाही. हे बरोबर गिळतो. आता तुम्हाला का सांगतोय? मला माझाच वास यायला लागलाय, एवढंच समजा.

वास म्हणालो खरा. तारापूरच्या एमआयडीसीत पोट भरणाऱ्याने वासाची गोष्ट करू नये. पहिले आठ दिवस डोकं दुखतं, मग नाक तक्रार करायचं सोडून देतं. माझंही आतून तसंच काहीसं झालं असावं — नाही, ही सबब झाली. सबब द्यायची नाही असं ठरवून बसलोय आणि तिसऱ्याच परिच्छेदाच्या आत सुरू झालो. बघा कसा माणूस आहे.

मी एका केमिकल कंपनीत सर्व्हर सांभाळतो. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. कामगारांसाठी तक्रारपेटी करा, असं वरून आलं. आधी कँटीनच्या दाराशी लाकडी पेटी होती, तिच्यात तंबाखूच्या पुड्यांशिवाय कधी काही पडलं नाही. पेटीसमोर उभं राहून चिठ्ठी टाकताना सगळं कँटीन बघणार, मग कोण टाकणार? म्हणून फोनवर उघडणारी पेटी करायची ठरली. पान उघडायचं, लिहायचं, पाठवायचं, नाव नाही. ती मी बनवली. आणि खरं सांगतो, मन लावून बनवली.

त्यातली एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. फोन आणि सर्व्हर एकमेकांशी बोलतात ते कुलपात बंद असतं. जुन्या पद्धतीत त्या सगळ्या कुलपांची मदार सर्व्हरकडच्या एका कायमच्या किल्लीवर. ती ज्याच्या हाती लागेल तो आजचंच काय, आधी नोंदवून ठेवलेलं बोलणंही उघडून वाचू शकतो. नव्या पद्धतीत दर भेटीला दोघं मिळून नवी, तात्पुरती किल्ली बनवतात. ती तारेवरून कधी जातच नाही, आणि भेट संपली की दोघंही ती टाकून देतात. मग ते बोलणं कोणाच्या बापाला उघडता येत नाही. मलाही नाही.

आमच्याकडे हे फार महत्त्वाचं होतं. कारण कंपनीच्या वायफायवरून जे जे जातं ते नोंदवणारं यंत्र कंपनीत बसवलेलं आहे — कोणाच्या फोनवरून, कधी, काय. तात्पुरत्या किल्लीमुळे त्या यंत्राला फोन दिसायचा, पण लिहिलेलं म्हणून हाती नुसता कचरा लागायचा. तक्रारी शनिवारी एकगठ्ठा साहेबांकडे जायच्या, त्यांवर ना वेळ ना फोन. साहेबांची उत्तरं सोमवारी कँटीनच्या फळ्यावर लागायची.

हे लोकांना पटावं म्हणून मी कँटीनमध्ये नाटकच केलं. माझा जेवणाचा डबा घेतला, त्याला नवं कोरं कुलूप लावलं आणि किल्ली सगळ्यांदेखत गटारात फेकली. लोक हसले. डबा शेवटी हातोडीने फोडावा लागला. मग भिंतीवर कागद लावला, मराठीत आणि हिंदीत — ‘किल्ली कोणाकडेच नाही.’ तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, “आनि तुमच्याकडं?”

माझ्याकडेही नाही, मी म्हणालो. त्या दिवशी ते खरं होतं. फक्त त्या दिवशी.

ती हर्षला. सातपाटीची, वडील बोटीवर, आई मासळी विकणारी. आमच्या प्रयोगशाळेसाठी सांडपाण्याचे नमुने बाटल्यांत भरून आणायच्या चार मुली होत्या, ठेकेदाराच्या कागदावरच्या, त्यांतली एक. दुसरी मनीषा, वाणगावच्या पलीकडल्या पाड्यावरची. या दोघी एकमेकींना सोडायच्या नाहीत. एकीच्या डब्यात सुक्या बोंबलाची चटणी, दुसरीच्या डब्यात नाचणीची भाकरी, दोन्ही डबे एकत्र उघडायचे. मी हे रोज बघायचो, म्हणूनच इतकं आठवतं.

काही महिन्यांनी पेटीत एक तक्रार आली. नमुन्याची बाटली भरायच्या आधीच रजिस्टरात आकडे लिहिलेले असतात, एवढंच एक वाक्य. हे माहीत असणाऱ्या त्या चौघीच. एचआरच्या साहेबांनी मला बोलावलं. कोणी लिहिलं, म्हणाले. सांगता येत नाही, मी म्हणालो, आणि का येत नाही ते अभिमानाने समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग चहा मागवला आणि विचारलं, यापुढचं तरी येईल का?

तुम्हाला वाटेल आता धमकी येणार. नाही आली. धमकी आली असती तर बरं झालं असतं, आज सांगायला काहीतरी असतं. साहेब एवढंच म्हणाले की मी हुशार माणूस आहे, आणि अशा माणसाला किती दिवस कंत्राटावर ठेवायचं. बस्स. एक कप चहा, दोन बिस्किटं आणि ‘हुशार’ हा शब्द. इतका स्वस्त निघालो मी. किळस येते.

जागेवर येऊन मी सर्व्हरची सेटिंग उघडली. हे चुकून झालं असं म्हणायची सोय नाही, कारण या कुलपांच्या आजच्या नव्या आवृत्तीत कायमच्या किल्लीवर चालायचा पर्यायच ठेवलेला नाही. मला सर्व्हर मुद्दाम जुन्या आवृत्तीवर अडवावा लागला. मग पद्धतींच्या यादीतून तात्पुरत्या किल्लीच्या सगळ्या पद्धती एकेक करून पुसल्या. सर्व्हर पुन्हा चालू केला. माझ्या फोनवर पान उघडून पाहिलं — वर कुलपाचं चिन्ह होतं तसंच. कोणाला काही कळणं शक्य नव्हतं. आणि खरं सांगू? काम नीट जमलं म्हणून मला क्षणभर बरं वाटलं. ते बरं वाटणंसुद्धा मी विसरलेलो नाही.

सोमवारी फळ्यावर साहेबांचं उत्तर लागलं. रजिस्टराची तक्रार कंपनीने गांभीर्याने घेतली आहे, तक्रारदाराने कोणते दिवस, कोणती पाळी, ते पेटीतून सविस्तर कळवावं. खाली सही, शिक्का. गळाला आमिष लावलं होतं. गळ मी घडवला होता.

दुपारी हर्षला माझ्या टेबलाशी आली. हातात रिकाम्या बाटल्यांचा क्रेट. तक्रार आपली आहे असं ती म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. पण दोघांनाही कळत होतं.

“लिवू का, दादा?” ती म्हणाली. “कळनार नाय ना कोनाला?”

किती वेळ लागला असेल मला? ती क्रेट या हातातून त्या हातात घेईपर्यंतचा. ‘लिहू नकोस’ म्हणायला दोन शब्द पुरे होते. ‘घरी जाऊन आपल्या डेट्यावरून लिही’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. साहेबांना कधी पत्ता लागला नसता.

“लिही,” मी म्हणालो. आणि भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. तो कागद आठवतो का तुम्हाला? मीच लावलेला.

तिने लिहिलं. दिवस, पाळ्या, कोणाच्या अक्षरात, सगळं, अगदी मन लावून. मी ती कायमची किल्ली पेन ड्राइव्हवर घेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवली. सोबत यंत्रातली नोंद कशी उघडायची ते एका कागदावर लिहून दिलं. तिचं नाव मी तोंडातून काढलं नाही. याचा मला बरेच दिवस आधार वाटायचा — नाव मी सांगितलं नाही, मी फक्त किल्ली दिली. केसाने गळा कापायचा आणि वर म्हणायचं, केस कुठे धारदार असतो?

दुसऱ्याच दिवशी मी सगळ्या सेटिंग पूर्ववत केल्या. तात्पुरत्या किल्ल्या परत आल्या. आज कोणी तपासलं तरी पेटी धुतल्या तांदळासारखी दिसेल.

आठवडाभरात गेटवर हर्षलाचं कार्ड चालेनासं झालं. ठेकेदाराने सांगितलं, काम संपलं. तिचा एप्रन आणि डबा वॉचमनच्या केबिनमधून तिला देण्यात आला. रजिस्टर? रजिस्टरात आकडे आधीसारखेच भरले जात राहिले.

इथे थांबलो असतो तर मी नुसता भेकड ठरलो असतो. खरी घाण पुढेच आहे, आणि इतका वेळ मी तिच्याभोवती फिरतोय.

हर्षलाने तक्रारीबद्दल एकाच माणसाला सांगितलं होतं. मनीषाला. आता तुम्हीच हिशोब करा, तसा सगळ्या कँटीनने केला. पेटी तर उघडता येत नाही. कॉम्प्युटरवाल्या दादाने सगळ्यांसमोर किल्ली गटारात टाकलेली. मग नाव बाहेर गेलं कसं? चुगली कोणी केली? हर्षलाने मनीषाचा फोन उचलणं बंद केलं. उरलेल्या दोघी मनीषा बाकावर येऊन बसली की उठून जायच्या. माझं ते नाटक लोकांना इतकं पटलं होतं की त्यापुढे एका मुलीच्या शपथेला किंमत उरली नाही.

मनीषा माझ्याकडे आली. फार बोलणारी मुलगी नव्हती ती. टेबलाची कड बोटांनी धरून उभी राहिली.

“दादा, मी कोनाला सांगलं नाय,” ती म्हणाली. “ती पेटी उघडता येत असंल, तर तुमी एकदा बोला ना तिला. तुमचं ऐकंल ती.”

बघा, तिने बरोबर उत्तर काढलं होतं. शाळा अर्धी सोडलेली मुलगी, तिला सर्व्हर म्हणजे काय माहीत नाही, पण आपण सांगितलं नाही एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. मग उरते फक्त पेटी. सगळ्या कंपनीत तेवढी एकटीच सत्यापाशी पोचली होती, आणि ते सत्य घेऊन ती माझ्याकडेच आली.

मी तिला तात्पुरत्या किल्लीचं सगळं पुन्हा समजावलं. शांतपणे, चित्र काढून. दोन मशिनं, मधे तार, दोघांची मिळून एक किल्ली, मग किल्ली नाही. पेटी उघडता येतच नाही, मी म्हणालो. चित्रात एक चूक नव्हती. ती चित्राकडे बघत राहिली, मान हलवली आणि गेली.

त्यानंतर ती प्रयोगशाळेच्या मागच्या पायरीवर एकटीच डबा खायची. माझ्या खिडकीतून दिसायची. मी पडदा लावला. पावसाळ्यानंतर ती यायची बंद झाली. पाड्यावरची माणसं वीटभट्टीवर जातात, तशी ती गेली असं कोणी म्हणालं. खरं काय, मी शोधलं नाही. मी कायम झालो. पगाराच्या चिठ्ठीवर नवा हुद्दा आला, आईने पेढे वाटले.

मागच्या रविवारी पालघरच्या बाजारात मासळी घ्यायला गेलो होतो. आईशेजारी हर्षला बसलेली. मी वळणार होतो, तोवर तिने हाक मारली. तिच्या तोंडावर खरोखरचा आनंद होता. आईला म्हणाली, हेच ते दादा, कंपनीत यांनीच आमच्यासाठी पेटी केलेली. मी काहीतरी पुटपुटलो, नोकरी गेली त्याचं वाईट वाटलं असं काहीसं. ती बोंबील निवडत होती. मान वर न करता म्हणाली,

“तुमची पेटी चांगली होती, दादा. मानूसच खोटा निघाला.”

ती मनीषाबद्दल बोलत होती. मी उभा होतो तिथेच, हातभर अंतरावर. बाजारात गर्दी होती, पण बोललो असतो तर तिला ऐकू गेलं असतं. तिने बोंबलांचा वाटा माझ्या पिशवीत ओतला आणि वर आणखी चार बोंबील टाकले, तुमच्यासाठी म्हणून. मी नको म्हणालो नाही.

घरी आल्यावर बायकोने ते रवा लावून तळले. ताजे होते. मी ते सगळे खाल्ले, आणि वर भात मागितला.