जुन्या काजूची एकच काडी

"अहो, सोडू नकात ती पट्टी!" काकी अशी ओरडली, की आमच्या पार्शे गावातली कुत्री डिचोलीपर्यंत पळाली असतील.

वादळात आमची जुनी काजू पडली होती. तिचं एक बोंडू, म्हणजे फळ, पिळलं की अख्खं गाव रसानं आंघोळ करायचं, आणि हे मी कमी करून सांगतेय. तिची एकच जिवंत काडी काकांनी आदल्या दिवशी कुंडीतल्या रोपावर कलम करून पट्टीनं बांधली होती. ती जगली का, हे त्यांना लगेच बघायचं होतं.

मी समजावलं, "काका, कापलेल्या दोन्ही तोंडांवर आता पेशी फुटतील. एकीच्या दोन, दोनाच्या चार. वाढत वाढत त्या एकमेकींना भिडल्या, तरच जखम सांधेल. उघडलंत तर सुकतील."

"मग एक तरी फुटताना बघू दे."

पुढे रोज सकाळी ते कुंडीतल्या कलमाची पट्टी सोडायचे, डोळा लावायचे, परत बांधायचे. काडी वाळून कोळ झाली. काका जेवेनात.

मग एक दिवस तुळशीमागच्या कुंडीत काजूची तांबूस पालवी दिसली. काका बघतच राहिले.

काकी तांदूळ निवडत म्हणाली, "तुमचं कलम मी ओरडले त्याच रात्री तिथं लपवलं. तुम्ही सोडत होतात ती जास्वंदीची काडी."