हातलावे सर

खुर्चीवर बसायच्या आधी खुर्चीला हात लावून बघणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितला. आमच्या कॉलेजातले ऑडिटचे सर. पोरं मागून त्यांना ‘हातलावे सर’ म्हणायची. पिंगळीहून सकाळच्या गाडीनं यायचे आणि तासिकेवर शिकवायचे. म्हणजे जूनमध्ये ऑर्डर निघाली तर सर, नाही तर घरी. असे नऊ जून त्यांनी धाकधुकीत काढले होते.

मी तिथं शिपाई. शिक्षण सातवी, पण वर्गाबाहेरच्या स्टुलावर बसून बसून निम्मं बीकॉम माझ्या डोक्यात शिरलं. सर माझ्यासाठी दार उघडं ठेवायचे. “मावशी, ऐकू यायलंय का?” असं विचारायचे. पोरं हसली की म्हणायचे, “हसा. पेपर मावशींसोबत द्यायची वेळ आली तर तुमची शोभा होईल.”

ऑडिट म्हणजे नुसती आकडेमोड, असं मला वाटायचं. सरांचं एक ठरलेलं बोलणं होतं. “कागद म्हणतो खुर्ची आहे. तुम्ही लगेच हो म्हणू नका. हात लावा, मग म्हणा.” निम्म्या पोरांना ते रजिस्टर घेऊन खोल्यांत पाठवायचे, लिहिलंय ते आहे का बघायला. उरलेल्यांना उलटं, खोलीतून रजिस्टरकडे, आहे ते लिहिलंय का बघायला. मीही घरी फळीवरचा एकेक डबा हात लावून बघितला, तर मागून जाऊबाईंचं पातेलं निघालं. तीन वर्षं मी “माझ्याकडं न्हाई” म्हणून त्यांच्याशी भांडले होते, बघा!

त्या वर्षी सरांनी पोरांना सरावासाठी कॉम्प्युटरची खोली दिली. किल्ली माझ्याकडे. रजिस्टरात तीस, खोलीत अकरा. पोरांनी टेबलाखालीसुद्धा वाकून बघितलं. एक पोरगी म्हणाली, “मावशी, बाकीचे कुठं गेले ओ?”

“आलेच न्हाईत तर जातील कुठं, माय?” मी म्हणलं.

खरंच सांगते, सहा वर्षं ती खोली मीच झाडत होते. अकराच्या वर मी कधी पुसले नाहीत. सरांनी अहवालात अकरा लिहिले. पोरं सही करायला पुढं आली, तर “तुमची परीक्षा राहिलीय अजून” म्हणून त्यांना मागं सारलं आणि आपली एकट्याची सही करून प्राचार्यांकडे दिला.

तिसऱ्या दिवशी हेडक्लार्क माझ्यापुढं कागद घेऊन आले. एकोणीस कॉम्प्युटर माझ्यासमोर टेम्पोत घालून दुरुस्तीला नेले, असं त्यावर लिहिलेलं. “करा सही मावशी. पेन्शनला दोनच वर्षं राहिलीत ना?” एवढंच म्हणाले. आवाजसुद्धा चढवला नाही. नवऱ्यामागं दोन लेकरं ओढत आणलेली बाई मी. केली सही.

मग प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावलं आणि कागद सरांच्या हातात दिला. सरांनी माझ्या सहीकडे बराच वेळ बघितलं.

“मावशी, टेम्पोत चढवताना हात लावला होता?”

“लावला होता, सर.”

त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि तासाला गेले. दार त्या दिवशीही उघडंच होतं. मीच स्टूल उचलून जिन्याखाली नेलं. जूनमध्ये त्यांची ऑर्डर निघाली नाही.

आता माझी लेक पाथरीला असते. तिथं एसटी स्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, ते सरांचं. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागतो, अंगठा लावून. दुसरी दुकानं आहेत, पण मी तिथंच जाते. कशाला जाते, ते नका विचारू.

यंदा मशीन माझा अंगठा घेईना. भांडी घासून रेघा गेल्यात. मागचा म्हातारा कावला, “अहो, बाई जित्ती दिसायलीय की समोर!”

“दिसून चालत न्हाई काका, हात लावावा लागतो,” सर म्हणाले. त्यांनी माझा अंगठा फडक्यानं पुसला, आपल्या हातानं काचेवर दाबून धरला. मशीननं घेतला. कागद बाहेर येईस्तोवर मी हळूच म्हणलं, “सर, त्या दिवशी मी हात लावला नव्हता.”

“माहीत होतं, मावशी. म्हणून तर विचारलं होतं.” त्यांनी दाखला माझ्याकडे सरकवला. “नाव नीट वाचून घ्या.”

आणि त्या म्हाताऱ्याला म्हणाले, “या काका, अंगठा पुसून घ्या.”