आप्पांची मशीन अर्ध्या गव्हात थांबली

मंडळी, अंगाला गव्हाची कुसळं अजून टोचतायत, तरी लिहिते.

आज केंदूरच्या आमच्या रानात शेजारच्या आप्पांची जुनी हार्वेस्टर लावली होती. नव्या मशीनवाल्यांकडं नंबर लागत नव्हता आणि सकाळपासून आभाळ भरून आलेलं.

अर्धं रान झालं आणि मशीनचा पट्टा तुटला. आप्पांनी शिरूरच्या दुकानांत फोन लावले. या मॉडेलचा पट्टा आता येतच नाही, असं सगळ्यांनी सांगितलं.

मी वैतागले. "आप्पा, पाऊस आला तर गहू मातीत जाईल. आता काय करायचं?"

"विळं हायेत का घरात?" एवढंच बोलून सत्तरीचे आप्पा आमच्याबरोबर कापणीला बसले.

दिवस मावळेपर्यंत कापून सगळा गहू ताडपत्रीखाली झाकला. कंबर धरलीय. आणि पाऊस आलाच नाही.

निघताना आप्पा मशीनच्या चाकावर हात ठेवून उभे राहिले. "पुढल्या साली दुसरी मशीन सांग, पोरी. हिला आन् मला आता व्हत न्हाई."

"असं नका बोलू" म्हणणार होते, पण विळे गोळा करायला वळले. दुपारीच मी मनाशी तेच ठरवलं होतं.

तुम्ही असता तर काय म्हणाला असता?