टाळलेला ण

कॉलेजच्या तिसऱ्या वर्षापर्यंत मी माझ्या मैत्रिणीकडे कधी पाणी मागितलं नाही. 'बॉटल दे ना,' म्हणायचे. जेवणाला डबा म्हणायचे, 'पण'च्या जागी 'बट'. ऐकणाऱ्याला वाटायचं, मुलगी जरा भाव खाते. खरं कारण एवढंच की आमच्या घरात ण नाही. आई पानी म्हणते, बाबा कोन म्हणतात, मीही तशीच बोलत वाढले. लिहिताना चूक होत नाही, म्हणून शाळेत कुणाच्या लक्षात आलं नाही. घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. तोंड उघडलं की काय काय कळतं, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

पहिल्या वर्षी सुधारायच्या घाईत मी एकदा 'आज मण लागत नाहीये' म्हणून बसले. "कसला मण, गव्हाचा?" मैत्रिणीने विचारलं. हसली ती प्रेमानेच. मी मात्र तेव्हापासून प्रत्येक शब्द बोलायच्या आधी तपासायला लागले. त्याने माणूस फार दमतो.

मैत्रीण डोंबिवलीची, तिच्या घरी आजोबांपासून सगळे शिकलेले. एकदा कॅन्टीनच्या मावशींनी पानी संपल्याचं सांगितलं, तर बाहेर येऊन तिने त्यांची हुबेहूब नक्कल केली. सगळ्यांत मोठ्याने मी हसले. त्या दिवशी टिटवाळ्याला घरी आले तर आईने नेहमीसारखं विचारलं, पानी देऊ का. मी नको म्हटलं. तहान लागली होती तरी.

मग प्रोजेक्ट आला. आमच्या नव्या बिल्डिंगला टँकर येतो, हे मी मैत्रिणीला कधीतरी सांगितलेलं. तिने त्यावरच विषय घेतला: नव्या इमारतींचा पाणीपुरवठा. वर्गासमोर मराठीत बोलायचं होतं, आणि सुरुवात मी करायची असं तिने परस्पर ठरवलं. तिथली तूच ना, म्हणाली.

आठवडाभर मी आरशासमोर जीभ वळवून पाणी, पाणी करत होते. आई पीठ मळता मळता म्हणाली, "काय गं, जीभ भाजली का काय?" मी उगाच चिडले तिच्यावर.

शेवटी मी मैत्रिणीला सांगितलं, स्लाइड सगळ्या मी बनवते, माहिती मी गोळा करते, बोल तू. ती जिन्यात थांबली.

"तू नेहमी असंच करतेस. तीन वर्षं झाली, मला तुझ्याबद्दल काय माहितीय सांग. घरी बोलावत नाहीस, आईचा फोन आला की लांब जातेस. माझा काही प्रॉब्लेम आहे का?"

आता गप्प राहिले तर ही जाईल, आणि बोलले तर कदाचित तरीही जाईल, असं वाटत होतं. माझी पावलं खाली उतरायला लागलेली. कठड्याला धरून मी थांबले.

"मला ण येत नाही," मी म्हटलं.

तिला कळेचना. मग मी सगळं सांगितलं, बॉटल, बट, आरसा, सगळं. ऐकायला किती क्षुल्लक वाटत होतं. ती हसेल म्हणून मी वाट पाहत होते. ती हसली नाही.

"म्हणजे त्या दिवशी मी कॅन्टीनच्या मावशींची..." ती मध्येच थांबली.

"मीपन हसले," मी म्हटलं.

'पन' दोघींनाही ऐकू आलं. मी तो शब्द परत उचलून नीट करणार होते. ओठांपर्यंत आलेलाही. तसाच राहू दिला. तहान लागली होती.

"पानी दे," मी म्हटलं.

तिने बॅगेतून बाटली काढून दिली. माझ्याकडे बघत नव्हती. मी प्यायले, अर्धं अंगावर सांडलं. वर्गासमोर सुरुवात कोण करणार, ते तेव्हाही ठरलं नव्हतं.