चपलेतले गळ

उंब्रजच्या बाजारात मासे कापून देणाऱ्या त्या माणसाचं विळीपेक्षा तोंडच जास्त चालतं. माशाच्या पोटात कुणाचा तुटलेला गळ निघाला, की तो खांबाला टांगलेल्या जुन्या चपलेत टोचतो आणि ओरडतो, "कुणाचा रं ह्यो? गाठ मारली का झोप काढली?" ज्याचा असेल तो मान खाली घालून गळ उपसून नेतो. सगळ्यांत मोठ्यानं हसतो तो मी.

परवा त्यानं माझ्यासाठी मरळ चिरली. डोकं एवढं मोठं, अंग मात्र वाळून गेलेलं. घशात गळ रुतला होता, हिरव्या दोऱ्यानं बांधलेला. सवयीनं मीच ओरडलो, "कुणाचा रं ह्यो?" लोक हसले.

हिरव्या दोऱ्यानं गळ बांधतो तो एकटा हा मासे कापणाराच. साऱ्या बाजाराला ठाऊक आहे.

"माजा हाय," तो म्हणाला. मग मरळीचं रिकामं पोट बोटांनी उघडून बघत राहिला. "लय दिस उपाशी हुती गड्या."

त्यानं चप्पल खांबावरून काढली आणि पाटाखाली सारली. माझं तोंड अजून हसरंच होतं. ते मिटावं कसं, कळेना.