जुळ्यांचं वय

पोटापाण्यासाठी मी ताऱ्यांची वयं काढते. ठळक ताऱ्याचा उजेड दुर्बिणीत झाकला की त्याच्या शेजारचा अंधूक जोडीदार फोटोत दिसतो. दोघे एकाच वेळी जन्मलेले, तेव्हा वयही सारखंच निघायला हवं. नाही निघालं, तर चूक आमच्या गणिताची. हे मी मोठमोठ्या सभांत तोऱ्यात सांगते.

गेल्या वर्षी अकोल्याला बाबांचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं. हजार पौर्णिमा पाहिल्याचा सोहळा, म्हणजे एक्क्याऐंशीच्या घरातलं वय. पौर्णिमा मोजायचं काम अर्थातच माझ्याकडे; घरच्यांच्या मते माझ्या शिक्षणाचा तेवढाच उपयोग. मी शाळेच्या दाखल्यावरची एक जुलै धरली, काटेकोर मोजलं आणि पत्रिका छापून घेतल्या.

सोहळ्याला बडनेऱ्याहून आत्या आली. बाबांची जुळी बहीण. आली ती थेट स्वयंपाकघरात शिरली आणि भरड्याचे वडे तळायला बसली. बाहेर बाबा सजवलेल्या खुर्चीत. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मी भावाला म्हटलं, "आत्यालाही बसवायला हवं ना?"

"आत्याले चार वर्सं बाकी हायेत," भाऊ म्हणाला. "आधारवर सत्त्याहत्तर लिवलं हाय." तो गंमत करत नव्हता.

आत्या कढईतून नजर न काढता म्हणाली, "तुया बाप टायमावर शाळेत गेला. लहान पोरं कोन सांभाळीन म्हून मले चार वर्सानं धाडलं. गुरुजी पहिलीत येईन त्याले सहाच वर्सं लिवत, अन् एक जुलै. आमी तं दोघंबी पोयाच्या करीचे."

पोळा अमावास्येला, कर दुसऱ्या दिवशी. माझ्या पौर्णिमा पाण्यात गेल्या. पण त्याहून राग आला तो स्वतःचा. जुळी आहे हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि दाखला मी एकाचाच पाहिला होता.

बाबा दारात येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं असावं.

"पयले इले ओवाया," ते म्हणाले. "मोठी हाये थे माह्याहून. अर्ध्या घंट्यानं."

आत्याच्या हातातला झारा काढून घेऊन ते स्वतःच कढईपुढे बसले. आत्या पिठाच्या हातांनीच खुर्चीत टेकली, पार काठावर, कुणी उठवेल अशा बेतानं. मी तबक घेऊन समोर वाकले. दिव्यांच्या उजेडात पाहते तर घरात कुणावरच गेलं नाही म्हणतात ते माझं नाक तिच्या चेहऱ्यावर होतं.

वडे सगळे करपले.