मुकी ठरवलेली पर्ल

शनिवारी उजाडताना ऑरिन टिबेट्सने छातीवरच्या खिशात एक काडतूस वेगळं टाकलं. रानमांजरासाठीची काडतुसं नेहमीसारखी कोटाच्या बाजूच्या खिशात होती. हे एक त्याच्या शिकारी कुत्रीसाठी, पर्लसाठी होतं. आज तिला ताज्या मागावर सोडायचं, आणि तिने तोंड उघडलं नाही तर दलदलीतून परत आणायचं नाही, हे त्याने आठवडाभर घोकून पक्कं केलं होतं.

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या त्या पूर्वेकडच्या टोकाला याला कोणी दुष्टपणा म्हणत नसे. वाईट शिकारी कुत्रा विकायचा नाही, फुकटही द्यायचा नाही, कारण तो दुसऱ्याचा अख्खा हिवाळा नासवतो. ज्याचा त्याने निस्तरायचा. आणि कुत्रा वाईट की चांगला हे ठरवायचं काम गेली तीस वर्षं ऑरिनकडे होतं.

लोक लांबून कुत्रे घेऊन यायचे. ऑरिन आपल्या पिकअपच्या बॉनेटवर बसायचा, हातात कॉफी, डोळे मिटलेले. कुत्रा दोन मैल आत, झाडीत. नुसत्या आवाजावरून तो सांगायचा, की माग शिळा आहे, आता ताजा होतोय, आता मांजर आडव्या पडलेल्या खोडावर चढून गेलंय. "हा तुझा चुकलाय," तो म्हणायचा, "पण कबूल करत नाही. खोटं भुंकतोय." मालक बर्फात जाऊन बघायचा तर तसंच निघायचं.

कोल्ह्यामागे कुठलाही कुत्रा पळतो, असं ऑरिन म्हणे. कोल्हा वास सांडत जातो. मांजर जवळजवळ काही सांडत नाही. ते घाईत नसतं. सशासाठी थांबतं, आल्या पावली मागे फिरतं, खोडावरून चालून बाजूला उडी टाकतं, आणि एवढ्याशा जागेत दिवसभर कुत्र्याला फिरवतं. त्यामागे जायला नाक तर हवंच, पण त्याहून जास्त हवा खरेपणा. वास हरवला की गप्प बसणारा, सापडला की बोलणारा कुत्रा. हरणाच्या नादी न लागणारा. आणि ज्याचा आवाज मालकापर्यंत पोचतो असा. न बोलणारा कुत्रा झाडावर मांजर रोखून खाली बसला तरी कुणाला कळणार? तो मेल्यासारखाच.

पर्ल बोलत नव्हती.

पर्ल क्लेऑन ग्रँटने दिलेली. क्लेऑन म्हणजे रस्त्यापलीकडचा शेजारी, तीस हिवाळे ऑरिनबरोबर काढलेला. दोन वर्षांपूर्वी त्याने फॅनी आणि ज्युएल या दोन बहिणी-कुत्र्या ऑरिनसमोर सोडल्या होत्या. ऑरिनने तासभर कान दिला आणि म्हणाला, "मुक्या आहेत दोघी." दुसऱ्या दिवशी क्लेऑनने ज्युएलला गोळी घातली. फॅनीला मात्र ठेवली, असं ऑरिनला नंतर कळलं. त्यानंतर क्लेऑनचं सकाळच्या कॉफीला येणं बंद झालं. आणि मागच्या वसंतात एकाएकी तो शर्टाच्या आत फॅनीचं पिल्लू घालून दारात उभा.

"ठेव हिला," तो म्हणाला.

"का?"

"का म्हणजे? तुझा डीकन म्हातारा झालाय."

"फुकट?"

"नाही, तुझं घर लिहून दे," क्लेऑन म्हणाला आणि हसला. ते हसणं ऑरिनने जपून ठेवलं होतं. तो ते वरचेवर काढून बघायचा. मुक्या कुत्रीचं पिल्लू, रीत मोडून, फुकट, आणि वर हसणं. यात काहीतरी होतं.

ऑक्टोबरात डीकन, ऑरिनचा जुना शिकारी कुत्रा, गेला. त्याचा आवाज म्हणजे रिकाम्या पिंपावर मारलेली लाकडी मोगरी. शेवटपर्यंत तो ऑरिनला डोंगरापलीकडून ऐकू यायचा. डिसेंबरपासून ऑरिनने पर्लला एकटीला पाच वेळा सोडलं. पाचही वेळा दलदलीने तिला गिळलं आणि आवाज म्हणून आला नाही. तीन-चार तासांनी ती परत यायची, थकलेली, मिशांवर बर्फाचे मणी, आणि त्याच्याकडे अशी बघायची की जणू तोच कुठेतरी जाऊन बसला होता. वरचा बर्फ काचेसारखा कडक होता, त्यावर तिची पावलं उमटत नव्हती. ऑरिन तिचे पंजे बघायचा, तोंड हुंगायचा, दातांत हरणाचे केस शोधायचा. काही सापडायचं नाही. काही सापडू नये याची तिने काळजी घेतलीय, असं त्याला वाटे.

बरं, तिला तोंड नव्हतं असंही नाही. जेवणाचं भांडं घेऊन तो खुराड्याशी गेला की ती भुंकायची, बारीक, तुटक. तेवढं त्याला ऐकू यायचं. म्हणजे आवाज होता आणि ती तो लपवत होती.

त्या हिवाळ्यात बरंच काही त्याच्यापासून लपवलं जात होतं. अंगणातल्या बर्चवर येणारे काळ्या टोपीचे चिमुकले पक्षी बोलायचे बंद झाले होते. दाणे टिपायचे, पण चकार शब्द नाही. त्याचा दोष त्याने क्लेऑनच्या पाळीव मांजरीला दिला. चहाची शिटीची किटली शिटी न देताच दोनदा कोरडी पडून काळी झाली. बायको व्हेस्टा हल्ली मुद्दाम तोंडातल्या तोंडात बोलायची.

"डॉक्टरला कान दाखव," ती शुक्रवारी म्हणाली, या वेळी त्याच्या अगदी समोर उभी राहून. "बत्तीस वर्षं लाकडाच्या गिरणीत रंध्याच्या मशीनपाशी उभा होतास. तिथेच अर्लीनच्या नवऱ्याचे कान असेच—"

"क्लेऑनचा ट्रक मला वळणापलीकडून ऐकू येतो."

"ट्रक कुणालाही ऐकू येतो."

"हे तुला शिकवलं कुणी? क्लेऑनने?"

व्हेस्टाने काकवी घातलेल्या घेवड्याचं मडकं भट्टीत सरकवलं आणि झाकण जरा जोरातच आपटलं. ते त्याने ऐकलं.

शुक्रवारी संध्याकाळी वीतभर मऊ बर्फ पडला. ऑरिनला हेच हवं होतं. मऊ बर्फावर कुणालाच खोटं बोलता येत नाही. त्याने क्लेऑनला फोन केला. "सकाळी ये. फॅनीच्या पोरीची तपासणी आहे. तूच दिलीस, तूच बघ." क्लेऑन म्हणाला, "येतो."

माग जुन्या रेल्वेच्या बांधावर सापडला. गोल पावलं, नखं न उमटलेली, एका ओळीत. मांजर बांध ओलांडून देवदारांच्या दलदलीत उतरलं होतं. क्लेऑनने वाकून पाऊल बघितलं.

"नर आहे. फार वेळ नाही झाला."

"मला दिसतंय."

"दिसतं तुला, ते माहीत आहे," क्लेऑन म्हणाला.

ऑरिनने त्याच्याकडे पाहिलं. क्लेऑन हातमोजा काढून नाक पुसत होता.

पर्लने नाक पावलात खुपसलं, शेपटी एकदा थरथरली, आणि ती गेली. ऑरिन बॉनेटवर बसला, डोळे मिटले. वारा नव्हता. लांब कुठेतरी लाकडाच्या ट्रकने गिअर बदलला. एक डोमकावळा ओरडला, ते त्याने ऐकलं. बाकी शांतता.

पाच मिनिटांनी त्याने डोळे किलकिले केले. क्लेऑनची मान दलदलीकडे कलली होती आणि चेहरा मऊ झाला होता.

"काय?" ऑरिनने विचारलं.

"काही नाही. बीव्हरच्या तळ्यापाशी आहे ती."

"कशावरून?"

क्लेऑनने सावकाश त्याच्याकडे वळून पाहिलं. "बोलतेय ना. चांगली बोलतेय."

असं आहे तर, ऑरिनला वाटलं. आता हा म्हणणार बोलतेय, मी म्हणायचं हो, बोलतेय. आणि उद्या दुकानात, टपाल कचेरीत, चर्चच्या पायरीवर हा सांगणार, की टिबेट्सने मुक्या कुत्रीला चांगली म्हटलं, त्याच्या कानाचा काय भरवसा. म्हणून पिल्लू फुकट. म्हणून ते हसणं.

"आता?" त्याने विचारलं. "आता काय म्हणतेय?"

"आता गप्प आहे. माग हरवला असेल." थोड्या वेळाने, "हं. सापडला."

"वा," ऑरिन म्हणाला. "तुझे कान मोठे झाले रे, क्लेऑन."

"ऑरिन—"

"तू थांब इथेच."

त्याने गाडीतून बर्फावर चालायची जाळीची पायताणं काढली, बांधली, बंदूक घेतली. क्लेऑन दोन पावलं मागे आला तेव्हा त्याने हातानेच त्याला थांबवलं. अडुसष्ट वर्षांचा माणूस मुक्या कुत्र्यामागे पायी जात नाही, कुत्र्याच्या आवाजामागे जातो. पण आज त्याला साक्षीदार नको होता. बर्फ पुरे होता.

बर्फाने जे सांगितलं ते त्याला आवडलं नाही, कारण ते चोख होतं. गोल पावलांवर पर्लची पावलं, सरळ. मांजर एका आडव्या खोडावर चढलं होतं. तिथे पर्ल दहा हात पुढे गेली होती, थांबली होती, आणि मग डाव्या बाजूने मोठं वर्तुळ घेऊन जिथे मांजराने उडी टाकली तिथे बरोबर आली होती. हरणांचा ताजा कळप वाटेत आडवा गेला होता. तिने त्यांच्या पावलांत नाकसुद्धा घातलं नव्हतं. बीव्हरांनी ओढा अडवून केलेल्या तळ्यापाशी मांजर मागे फिरलं होतं, तिथे बर्फ चांगलाच तुडवलेला होता. कुत्री बराच वेळ तिथे घोटाळली होती. मग निघाली होती, आणि योग्य दिशेला.

तळ्यापाशी, क्लेऑन म्हणाला होता. गप्प, म्हणाला होता. सापडला, म्हणाला होता.

ऑरिन घाम पुसत उभा राहिला. मग पुढे गेला, आता हळू, कारण त्याला घाई करावीशी वाटेना.

झाडी विरळ झाली तशी ती दिसली, शंभर-दीडशे पावलांवर. मोठ्या स्प्रूसच्या बुंध्यावर पुढचे पाय टेकून उभी, डोकं मागे टाकलेलं. वर फांदीवर करड्या रंगाचा गोळा, कान मागे पाडून बसलेला. पर्लचं तोंड उघडत होतं आणि मिटत होतं. दर वेळी तोंडातून पांढऱ्या वाफेचा एक छोटा ढग बाहेर पडत होता. एक, दोन, तीन. थांबून पुन्हा. सगळं अंग त्या ढगांबरोबर हलत होतं.

आणि आवाज नव्हता.

तो उभा राहून बघत राहिला. वाफेचे ढग मोजत राहिला. मग चालू लागला. ऐंशी पावलं. पन्नास. तिसाच्या आत कुठेतरी त्याला काहीतरी लागलं, लोकरी टोपीवर कुणी नख घासावं तसं. दहा पावलांवर तो तिचा भुंकण्याचा आवाज झाला, बारीक, तुटक, खरा.

तो तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसला आणि हातमोजा काढून तळहात तिच्या गळ्यावर ठेवला. आवाज हातात आला. हातात तो मोठा होता.

क्लेऑन त्याच्या पावलांवरून मागून आला तेव्हा ऑरिन तसाच बसला होता. छातीवरचं काडतूस त्याने बर्फात टाकलं होतं आणि ते उभंच रुतलं होतं. मांजर वर होतं. कुणीच बंदूक उचलली नाही.

"ज्युएल," ऑरिन म्हणाला.

"हं."

"तिचाही आवाज असाच होता?"

"याहून थोडा वरच्या पट्टीतला," क्लेऑन म्हणाला. "मला त्या दिवशी दोघींचे ऐकू येत होते. पण तू म्हणालास मुक्या. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. तुझं कधी चुकलं नव्हतं." त्याने टोपीवरचा बर्फ झटकला. "फॅनीला मारायला हात उचलला नाही. पुढच्या आठवड्यात तिला एकटीला सोडली, तर अख्खं खोरं दणाणून सोडलं तिने. घरी येऊन मी व्हिस्कीची बाटली संपवली."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर काय म्हणाला असतास?"

ऑरिनने विचार केला. "म्हणालो असतो, क्लेऑनचा काहीतरी डाव आहे."

"मग?"

"डाव होताच. हिला तू मला दिलीस."

"दिली," क्लेऑन म्हणाला. त्याने पर्लच्या कानामागे खाजवलं. "मला वाटलं, घरात असली की तुझं तुलाच कळेल. आणि खरं सांगू, अर्धं मनात असंही होतं, की ज्युएल गेली तशी तू हिलाही घालव. मग कळू दे तुला. यातलं किती काय होतं, मलाच माहीत नाही."

हे मात्र ऑरिनला पटलं. त्या दिवसात क्लेऑनचं पहिल्यांदाच काहीतरी त्याला सरळ पटलं.

पुढच्या शनिवारी शेजारच्या काउंटीतून रॉयस डेनिसन आपला तांबडा कुत्रा दाखवायला आला. ते आधीपासून ठरलेलं होतं. कुत्रा सोडला. ऑरिन बॉनेटवर बसला. क्लेऑन एका बाजूला, पर्ल पायाशी, तिच्या मानेवर ऑरिनचा हात. वेळ गेला. रॉयस बूट आपटत उभा होता.

"काय वाटतं, मिस्टर टिबेट्स? खरं सांगा. वाईट असला तर आज संध्याकाळीच मोकळा होतो."

ऑरिनला लांब घुमल्यासारखं काहीतरी येत होतं. कुत्रा असेल, किंवा गिरणी असेल. पूर्वी असतं तर त्याने काहीतरी सांगून टाकलं असतं, आणि ते खरं मानलं गेलं असतं. दोन-तीन वर्षं बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोचत नव्हते आणि तरी तसंच चाललं होतं, हे आता त्याला कळत होतं. ज्युएलखेरीज आणखी कोण कोण, याचा हिशेब तो रात्री पडल्यापडल्या करत असे आणि अर्ध्यावर सोडत असे.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला.

रॉयस हसला. थट्टा वाटली त्याला. मग हसायचा थांबला.

"हा ऐकतो," ऑरिनने क्लेऑनकडे बोट केलं. "तो सांगेल ते ऐक. पण गोळी घालायच्या आधी स्वतः पावलांवरून चालत जा. शेवटपर्यंत."

क्लेऑनने घसा खाकरला, मान कलती केली आणि बोलायला लागला. माग शिळा आहे, पण सोडत नाही, ओढ्याकडे वळलाय. ऑरिन त्याच्या ओठांकडे बघत होता. टक लावून, एक शब्दही निसटू न देता, कुठे खोटं वळतंय का ते बघत. हाताखाली पर्ल गप्प होती.